बांधनारीले भेटा

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवली, आणि त्यातली निदान तीस 'न' आणि 'ण' यांचं भांडण सोडवण्यात गेली. नागपुरात राहून 'ण' वाचवायला निघालेल्या माणसाकडे लोक दयेनेच पाहतात. माझी बायकोसुद्धा पाहते. तर मागच्या एप्रिलमध्ये एका सकाळी दूध आणायला बाहेर पडलो आणि शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर गेरूने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. पाय तिथंच थांबले.

घर विकने आहे.
बांधनारीले भेटा.

अक्षरं वीतभर उंच, ठसठशीत, एका रेषेत. पण दोन ओळींत तीन चुका! 'विकणे' हवं, 'बांधणारी' हवं आणि 'ले' तर विचारूच नका. शिवाय 'बांधणारी' हा शब्दच मुळात चुकलेला. जगात सगळीकडे 'मालकाला भेटा' असं लिहितात. बांधणारी म्हणजे कोण? काय बांधणारी? गाय?

यमुताई रामटेके या माझ्या शेजारीण. उमरेड रोडवर दिघोरीच्या पुढे आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती, आहे. मी इथं २००९ साली तयार घर विकत घेऊन आलो, त्यांचं घर आधीपासूनच उभं होतं. तीन खोल्या, वर स्लॅब, मागे मोरी आणि अंगणात एक कडुनिंब. बैठकीत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि त्यांच्या खाली गोविंदा रामटेक्यांचा. गोविंदा म्हणजे यमुताईंचे यजमान. कॉटन मार्केटात हमाल होते, सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. यमुताईंचं वय सदुसष्ट, उंची बेताची, गुडघे पार गेलेले. पण मान अशी ताठ, की नवीन माणसाला वाटावं बाई मोठी मानी आहे. मानी त्या आहेतच, पण मान ताठ आहे ती डोक्यावर विटा वाहून. चाळीस वर्षं त्यांनी रेजाचं काम केलं. रेजा म्हणजे बांधकामावरची मजूर बाई. एवढं मला ठाऊक होतं, आणि मला वाटायचं की एवढ्यात सगळं आलं.

घर विकायचं कारण उमरेडला होतं. तिथं त्यांची मोठी बहीण बायजाबाई एकटी राहते. काचबिंदूने तिची दृष्टी गेली. दर रविवारी यमुताई लाल बसने उमरेडला जायच्या, बहिणीचं आठवड्याचं पाणी, पीठ, भाजी बघून परत यायच्या. गुडघे बसची पायरी चढू देईनात. त्यातच बहिणीच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या विकायला निघाल्या. मालक ओळखीचा, त्याने शब्द दिला, "दिवाळीपर्यंत थांबतो, ताई. मंग मले नाही जमनार." म्हणजे दिवाळीच्या आत हे घर विकायचं आणि त्या पैशांतून ते घ्यायचं. यात अवघड काय आहे, असं कोणालाही वाटेल.

अवघड केलं ते नानाजींच्या एका वाक्याने.

नानाजी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे दलाल. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फ्लेक्स आणि दोन मोबाईल, एवढं त्यांचं ऑफिस. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. यमुताई पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेल्या होत्या. नानाजी आले, गेटपासून पावलं मोजत मागपर्यंत गेले, पावलं मोजत परत आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "यमुताई, प्लॉटचे बराबर पैसे येतीन. घराचं काही पकडत नाही कोनी."

"काहून?"

"आता जुनं घर ठेवते कोन? तीस फुटाचा रोड हाय. पार्टी जेसीबी लावन, चार मजले उभे करन. घर तं पाडाच लागते."

यमुताईंनी कप उचलून आत नेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेरू दिसला.

मी शेजारधर्माला जागून मदतीला गेलो. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात लिहून दिली. शेवटी, रिवाजाप्रमाणे, 'दलाल क्षमस्व' असं लिहिलं. यमुताईंना वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

"हे आखरीचं काय हाय, गुरुजी?"

"दलालांनी आम्हाला क्षमा करावी. म्हणजे त्यांनी येऊ नये."

"त्याहीची माफी काहून मांगाची? मी काय त्याहीचं घोडं मारलं?"

"अहो, तशी लिहायची पद्धत आहे."

"पद्धत त्याहीची. घर माह्यं."

दोन शब्द कापले. जाहिरातीचे पैसेही तेवढे कमी झाले, त्याचा त्यांना वेगळा आनंद. मग मी मोबाईलवरही जाहिरात टाकली आणि फजिती झाली. दोन दिवसांत एकेचाळीस फोन आले, त्यातले अडतीस दलालांचे. प्रत्येकाकडे 'पार्टी' होती. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, हे मला तेव्हा कळलं. मी मात्र वैतागून एकाला चक्क 'क्षमस्व' म्हणालो.

खरी माणसं हळूहळू येऊ लागली, बहुतेक भिंतीवरचं वाचून. मे महिन्यातल्या उन्हात लोक घामाने निथळत यायचे. यमुताई त्यांना माठातलं पाणी द्यायच्या आणि गप्प बसायच्या. घराचं कौतुक नाही, नळाला पाणी किती वेळ येतं त्याची थापेबाजी नाही. उलट आत नेऊन पहिल्या खोलीच्या मागच्या भिंतीजवळ उभं करायच्या, खिळ्याला टांगलेला ओळंबा काढायच्या आणि भिंतीला लावून दाखवायच्या. दोरीला बांधलेलं ते वजन वरून खाली सोडलं की भिंत सरळ आहे की नाही ते पोरालाही कळतं. ही भिंत सरळ नव्हती.

"सव्वा इंच बाहेर हाय," त्या सांगायच्या. "बाकी साऱ्या बराबर हाय. ही नाही."

मी कपाळावर हात मारून घेई. "यमुताई, असं कोणी सांगतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"भिंत काय मुठीत लपते का, गुरुजी?"

गिऱ्हाईक जोखायची त्यांची तऱ्हा मात्र मी हळूहळू शिकलो. त्या म्हणायच्या, "जो मानूस पावलं मोजत येते, त्याले प्लॉट पाह्यजे. जो वर छताकडे पाह्यते, त्याले घर." पण लोक हुशार असतात. एक जोडपं आलं, दोघंही बँकेत. बाई गोड, साहेब त्याहून गोड. "आम्ही असंच ठेवणार, काकू. किती छान गार वाटतं इथं! पाडणार? छे छे!" मी तर मनात सौदा करून टाकला होता. यमुताईंनी एकच विचारलं, "कूलर कोठी ठेवसान?"

साहेब इकडेतिकडे बघू लागले. "ते... ते नंतर डिझाईनमध्ये बघू ना."

ते गेल्यावर यमुताई हसून म्हणाल्या, "ज्याले राहाचं असते, त्याले पहले कूलरची जागा दिसते." नागपुरात आयुष्य काढूनही ही कसोटी मला सुचली नव्हती. खरंच आहे! शेहेचाळीस अंशांत राहायचं तर देव कुठं बसवायचा हे मागाहून ठरतं, कूलर आधी.

असे किती आले आणि किती गेले. जून संपला. माझ्या डोळ्यांत तो बोर्ड रोज खुपायचा. शेवटी एक दिवस मी ब्रश आणि गेरू घेऊनच गेलो. म्हटलं, गिऱ्हाईक येत नाही त्याचं एक कारण भाषा आहे. "मी नीट लिहून देतो. 'घर विकणे आहे. मालकाला भेटा.'"

"मालक तं कोनीबी होते, पैसे देल्ले का," यमुताई म्हणाल्या. "हे मी बांधलं हाय."

"बांधून घेतलंत, असं म्हणायचंय तुम्हाला," मी सुधारलं.

आता इथं थोडं थांबून माझी लाज सांगतो. आपल्या भाषेत 'मी घर बांधलं' असं कोणीही म्हणतं. आमच्या मुख्याध्यापकांनी 'बंगला बांधला', त्यांनी जन्मात एक वीट उचलली नाही. माझ्या साडूंनी दोन 'बांधली', ती दोन्ही वेळा ते पुण्यात होते. तेव्हा 'बांधलं' या शब्दाचा अर्थ 'पैसे दिले' असाच असतो, हे मी मराठीचा मास्तर असून गृहीत धरलं होतं.

यमुताई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. त्याच वाकड्या भिंतीची ती बाहेरची बाजू. तिला प्लास्टर नव्हतं, लाल विटा उघड्या आणि मधल्या दरजा सिमेंटने भरलेल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही भिंत पंधरा वर्षं रोज दिसत होती. मला वाटायचं, बिचाऱ्यांना प्लास्टरला पैसे पुरले नसतील.

"ही म्या लावली," त्या म्हणाल्या. "पहली. मंग बाकीच्या."

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या उमरेडहून नागपुरात आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात ठिय्यावर उभ्या राहिल्या. ठिय्या म्हणजे जिथं सकाळी मजूर जमतात आणि ठेकेदार निवडून नेतात तो चौक. रेजाने विटा वाहायच्या, रेती चाळायची, भिंतीला पाणी मारायचं. वीट लावायची ती फक्त मिस्त्रीने, म्हणजे गवंड्याने. कालवलेल्या सिमेंट-रेतीचा मसाला पसरायची करणी रेजाच्या हातात दिसली तर मिस्त्री हसतात. यमुताई तर डावखुऱ्या, त्यांच्या डाव्या हातात दिसली तर शिव्याच. पण रोज दहा तास मिस्त्रीच्या हाताकडे बघून बाई शिकली नाही तरच नवल. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री डुलकी काढायचा, तेव्हा त्या दोन-चार विटा लावून बघायच्या, जिथं पुढे प्लास्टर होणार अशा जागी. एकदा पकडल्या गेल्या. मिस्त्रीने सगळ्यांसमोर ती ओळ त्यांच्याच हाताने पाडायला लावली.

"विटा बराबर होत्या, गुरुजी. त्यालेबी दिसलं. पन पाडाले लावलं." यमुताई भिंतीकडे बघत बोलत होत्या. "तवापासून कोनी 'पाडा' म्हनलं का त्याच्यासंग माह्यं जमत नाही."

१९९४ साली दोघांनी हप्त्यांवर हा प्लॉट घेतला. तेव्हा इथं नुसतं शेत होतं. पायापुरता मिस्त्री लावला, त्यातच गाठचे पैसे संपले. गोविंदा म्हणाले, "तुले येते ना? मंग लाव."

"लोकं हासतीन."

"लोकं इथं हाय कोठी? ढोरं हाय. हासतीन तं हासू दे."

मग अकरा वर्षं हे काम चाललं. ठेकेदाराकडून फुटक्या विटा, ज्यांना अद्धे म्हणतात, त्या स्वस्तात आणायच्या. हमाली आटोपून गोविंदा यायचे आणि बायकोच्या हाताखाली कुलीचं काम करायचे. मसाला कालवायचे, विटा हातात द्यायचे, आणि यमुताईंच्या मते मसाला पातळ झाला तर बोलणीही खायचे. नुसत्या अद्ध्यांची पहिली भिंत उभी राहिली, ती सव्वा इंच कलली. पाडून नीट करता आली असती.

"एकदा पाडली होती, दुसऱ्याच्या म्हनन्यावर. आपली नाही पाडली," यमुताई म्हणाल्या. "पहली पोळी कोनाची गोल येते, गुरुजी?"

मी ब्रश घेऊन घरी परत आलो. त्या बोर्डातल्या तीन चुका मला अजूनही दिसत होत्या, पण ज्या शब्दाला मी सगळ्यांत मोठी चूक समजत होतो, तो सगळ्या ले-आउटमध्ये सगळ्यांत अचूक लिहिलेला शब्द होता. त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे." बायकांना एकमेकींचं सगळं माहीत असतं, आणि त्या आपल्याला सांगत नाहीत, कारण आपण विचारत नाही.

पोळा झाला, गणपती झाले. आलेल्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की घर कोणी बांधलं. फूट किती, रोड किती, कागद साफ आहेत का, बोअर आहे का, बस्स. आणि यमुताई आपण होऊन सांगायच्या नाहीत. मी एकदा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी असं पाहिलं की मी पाणीच प्यालो.

दसऱ्याच्या आठवड्यात नानाजी पुन्हा आले. बिल्डर पक्का, बत्तीस लाख, महिन्याच्या आत सगळे. एक रुपया घासाघीस नाही. "बोर्डाचं काही नाही, यमुताई, राग नाही माह्या मनात," ते म्हणाले, आणि खरंच नव्हता. त्याच दिवशी उमरेडहून त्या खोल्यांच्या मालकाचा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक लागलंय, लवकर सांगा. यमुताई बसने गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. बायजाबाई म्हणाल्या होत्या, "यमु वं, मले तं तुह्यं घर दिसतबी नाही आता. माह्या हाताले तू लागली म्हंजे झालं."

"सोमवारी नानाजीले हाव म्हनून देतो, गुरुजी," गेटपाशीच त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं लागली होती. जेसीबीले एक घंटा लागन."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन दारापर्यंत पोचवली.

रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर यमुताई मागच्या भिंतीपाशी पाटावर बसलेल्या. बाजूला घमेल्यात मूठभर सिमेंट, डाव्या हातात करणी. एका जागची दरज पावसाने खिरली होती, ती भरत होत्या. मी कुंपणावरून म्हटलं, "अहो, महिन्याभरात ही भिंत राहणार नाही. आणि तुम्ही दरज भरताय?"

"आज तं हाय ना," त्या म्हणाल्या आणि करणीच्या टोकाने रेघ सरळ ओढली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मी वह्या न तपासता गुण दिले होते, तेही इथं सांगून टाकतो.

त्या हात धुवायला आत गेल्या आणि गेट वाजलं. एक म्हातारा, वाळकुडा, जाड भिंगांचा चष्मा. बरोबर तिशीतली सून. म्हातारा रुपराव, मूळचा खाप्याचा. सून माया, दवाखान्यात नर्स. मुलगा अश्विन उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला, म्हणून या रस्त्यावर घर शोधत होते. मी पुढे होऊन आत घेतलं. यमुताईंनी पाणी दिलं आणि नेहमीप्रमाणे गप्प बसल्या. रुपरावांनी पावलं मोजली नाहीत. छताकडेही पाहिलं नाही. ते भिंतीच्या कडेकडेने चालत, बोटाच्या पेराने टकटक करत, थेट मागच्या अंगणात गेले. तिथं उघड्या विटांसमोर थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि जुन्या दरजेवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा.

"हा मिस्त्री डावखुरा होता," ते म्हणाले.

मी यमुताईंकडे पाहिलं.

"करनीची रेघ उलटी गेली हाय," ते सुनेला समजावू लागले. "आपन इकडून तिकडं वढतो. ह्यानं तिकडून इकडं वढली." मग यमुताईंकडे वळून, "कोन मिस्त्री होता हा, बाई? अजून काम करते का?"

"गुडघे गेले त्याचे," यमुताई म्हणाल्या. तोंडावर हसू नाही, काही नाही.

"नाव काय?"

"भिंतीवर लिवलं हाय ना. भेटा म्हनून."

रुपराव गोंधळले. सून मात्र हळूच म्हणाली, "बाबा, बांधनारी." तेव्हा म्हाताऱ्याने यमुताईंच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताच्या नखांत ओलं सिमेंट अजून तसंच होतं. मग रुपराव पायरीवर बसले.

"मी चाळीस वर्सं मिस्त्री होतो," ते म्हणाले. "कोन्या रेजाच्या हातात करनी नाही देल्ली."

"मांगतली होती कोनी?"

"एकीनं मांगतली होती."

"मंग?"

"हासलो."

यमुताईंनी मान हलवली. रागाने नाही. जणू एखादा हिशोब त्यांना आधीच ठाऊक होता आणि समोरच्यानेही तोच सांगितला. मग त्या उठल्या, ओळंबा आणला आणि रुपरावांनाही दाखवला. "सव्वा इंच बाहेर हाय."

"ते मले दिसलं," रुपराव म्हणाले. "नुसत्या अद्ध्याईची भिंत, पहला हात, आन तीस वर्सं उभी हाय. माह्या सरळ भिंती पडल्या, बाई."

एवढ्यात आतून मायाचा आवाज आला, "आई, ह्या खिडकीत कूलर बसन का? पानी टाकाले बाहेरून जागा हाय?"

तिला कोणी विचारलंही नव्हतं! यमुताई हसल्या. सहा महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत.

मग सौदा झाला, आणि तो मी जन्मभर विसरणार नाही. रुपराव म्हणाले, "बिल्डरएवढे मले नाही जमनार. प्लॉटचे अठ्ठावीस देतो. आन घराचे तीन, अलग." एप्रिलपासून घराचे पैसे वेगळे धरणारा हा पहिला माणूस. मला वाटलं, आता यमुताई विरघळतील. छे!

"तीन तं विटा-रेतीचे झाले. मिस्त्रीची मजुरी?"

"मजुरी त्याच्यातच ना, बाई!"

"तुमी लोकाईच्या घरी काम केलं, तं मजुरी मालात धरत होते का?"

रुपरावांनी चष्मा काढून पुसला. "बरं, पंचवीस हजार."

"डाव्या हाताचे पंचवीस हजार," यमुताई म्हणाल्या, "मंजूर."

म्हणजे बिल्डरपेक्षा पाऊण लाख कमी. वाचलेली दोन टक्के दलाली धरली तर तोटा जेमतेम अकरा हजारांचा, हे मी घरी जाऊन मांडलं. त्यांनी ते मांडलंही नाही. त्या रुपरावांना सांगत बसल्या, की वर एक खोली खुशाल चढवा, पाया मजबूत आहे, पण मधल्या भिंतीला हात लावू नका, तिच्यावर भार आहे. नानाजींना कळलं तेव्हा ते मुद्दाम मागे जाऊन भिंत पाहून आले. "सांगाचं तं होतं, यमुताई," ते म्हणाले. "इचारलं काय तुमी?" यमुताई म्हणाल्या. नानाजींनी चहा मात्र दोन कप घेतला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी रजिस्ट्री होती. कागदाचा मजकूर मी सांगितला आणि टायपिस्टाने टाईप केला. नाव, वय, पत्ता, सगळं शुद्ध. साक्षीदार म्हणून माझी सही. ऑफिसात ही गर्दी, पंखा घरघरणारा. यमुताईंचा नंबर आला, त्यांनी अंगठा यंत्रावर ठेवला. ठसा उठेना. पुसून ठेवला, पुन्हा नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. रुपरावांनी आपला रुमाल ओला करून दिला.

"आजी, बोटं पार घासलीत तुमची," कारकून म्हणाला. "चुन्या-सिमेंटात काम करणाऱ्यांचं असं होतं." त्याने समोरचा कागद पाहिला. "पण इथं तर गृहिणी लिहिलंय."

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना न विचारताच लिहिलं होतं. सगळं ऐकून, सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा! बाईमाणूस म्हटलं की हात आपोआप तो शब्द लिहितो.

"तो कागद चुकला हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या गुरुजीनं लिवला."

"मग काय पाहिजे?"

यमुताई थांबल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना शब्दासाठी अडताना पहिल्यांदा पाहिलं. मग अगदी हळू, सवयीने म्हणाल्या, "रेजा..."

"रेजा नाही, साहेब," मागून रुपरावांचा आवाज आला. "मिस्त्री. मी चाळीस वर्सं त्याच धंद्यात होतो, मले समजते. मिस्त्री लिवा."

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. खोडा, वर लिहा, बाजूला सगळ्यांच्या सह्या घ्या. यमुताईंचे डोळे भरले होते, पण जीभ जागेवर होती. "लिवा, गुरुजी. घाबरू नोका, त्याच्यात तुमचा 'न' नाही का 'ण' नाही."

जन्मभर मी पोरांचे खाडाखोडीचे गुण कापले. त्या दिवशी भर ऑफिसात उभ्याने पेन काढलं. 'गृहिणी' हा शब्द बरोबर छापलेला होता, त्यातला 'ण' अगदी शुद्ध. मी तो खोडला.